शिवेवर वाढवलेला नारळ

हमरापूर, ३ जुलै १९९६

पुतळी,

माझा पत्ता तुला कुणी दिला ते मी विचारत नाही. मुनीराभाभीनेच दिला असणार. भाभी, हे पत्र तूच तिला वाचून दाखवणार, तेव्हा आधी तुला सांगते. तुझा नवरा कुवेतला, म्हणून तुला पत्रं लिहायची सवय. पण दुसऱ्यांची पत्रं लिहून देताना जरा विचार करत जा. आता पुढचं वाच. मधलं गाळू नको, मला कळतं.

पुतळी, तू मला आक्का लिहवलंस. मी तुझी आक्का नाही. काळुराम माझा नवरा. (आता मी त्याचं नाव घेते. पूर्वी घेत नव्हते, तेव्हा काय भलं झालं?) त्याने तुला घरात आणली नि मला मूल नाही म्हणून बाहेर काढली. तुला तरी कुठं झालं? ते जाऊ दे. अशा बाईला सवत म्हणतात. दुसरं नातं मला शाळेत शिकवलं नाही, नि मी तिसरीतच शाळा सोडली.

तू लिहवतेस की त्याची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, नि तो दिवसभर एकच शब्द बोलतो, तो माझं नाव आहे असं तुला वाटतं. तुला वाटतं. त्याला पाणी हवं असेल.

मी रोह्याहून का आले ते तुला ठाऊक आहे, तू तिथंच होतीस. त्या रविवारी तू पत्र्याच्या खोलीत प्रार्थनेला आलीस. नवीन माणूस मागे बसतं, तशी मागे बसलीस. मग पुढे येऊन गुडघे टेकलेस. पदर खाली पडला होता, केसांना तेल नव्हतं, मधोमध भांग. केरूभाऊ पास्टर म्हणाले, "बायजाबाय, तुमी हात ठेवा. तुमच्या हातानं पोरांचे ताप उतरतात. हिच्या घरात आजारी माणूस हाय, ती एकटी करते. तुमच्याच हातानं होऊ द्या."

त्यांना सगळं ठाऊक असून म्हणाले. मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली. मी हात उचलला. तुझ्या डोक्याच्या वर चार बोटं आला असेल. मग त्याच हाताने दारातली चप्पल उचलली नि निघाले. घालायलाही थांबले नाही.

घरी येऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तर आतून सांगणं आलं, परत जा. भांडी घासायला बसले, परत जा. मला असं कुणी हुकूम सोडलेलं चालत नाही. मी कपड्यांची पिशवी भरली.

माझी आई सांगायची, काही मागं लागलं असेल तर शिवेवर नारळ वाढवायचा, पुढं चालायला लागायचं, नि मागं बघायचं नाही. गावचा देव शिवेपर्यंत येतो, पुढं त्याची हद्द नाही. मी येशूची विश्वासी झाले तेव्हा असली सगळी कामं सोडली होती. पण नडलं की आईचंच आठवतं. नागोठणं मागं पडल्यावर एष्टी थांबवून उतरले, रस्त्याकडेच्या दगडावर नारळ वाढवला, नि पुढची गाडी येईपर्यंत पेणच्या दिशेला तोंड करून उभी राहिले. अजून मागं बघितलेलं नाही.

तेव्हा एवढंच कर. मंडळीला सांग, प्रार्थनेत माझं नाव घेऊ नका. नाव घेतलं की देवाला पत्ता लागतो.

बायजा

ता.क. काळुरामला भात पातळ करून डाव्या बाजूनं भरव. उजव्या गालात साठतो नि ठसका लागतो. हे मी तुझ्यासाठी लिहीत नाही. माणूस गुदमरू नये म्हणून.


हमरापूर, २१ जुलै १९९६

पुतळी,

परत पत्र. तुला काम नाही का?

मी काय करते विचारतेस. इथं घरोघर गणपतीचे कारखाने. मी गिरजाबाईच्या कारखान्यात घासकाम करते. साच्यातून मूर्ती निघाली की तिला कडा राहतात, खडे राहतात, ते पॉलिश पेपरने घासायचे. दिवसभर धूळ उडते. संध्याकाळी माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. आरशात बघितलं तर मी पण साच्यातूनच आले असं वाटतं.

हे काम मी मुद्दाम धरलं. रंगाच्या शेडमध्ये पैसे बरे मिळतात, तिथं डोळे काढतात. मला डोळे नकोत. माझ्या शेडमध्ये शेकड्यांनी देव आहेत नि एकालाही नजर नाही. मी म्हटलं, ह्याच्याहून चांगली जागा कुठली? दुसऱ्याच्या देवांनी भरलेलं घर, शीव ओलांडून, नि सगळे आंधळे. इथं तो पाय ठेवणार नाही.

पहिले काही दिवस खरंच बरे गेले.

मग गिरजाबाईने मला गौरीचे मुखवटे दिले. "तुझा हात हलका हाय गो," म्हणाली. "गणपतीचं काम कुणीबी करील, बाईमाणसाचा चेहरा नाय जमत सगळ्यांना." घाटावर ह्या मुखवट्यांना फार मागणी. नुसतं डोकं असतं, मानेपर्यंत. ते मांडीवर घ्यायचं, डाव्या हाताने टाळूवर धरायचं, उजव्याने घासायचं. केस कोरलेले असतात. मधोमध भांग.

तुला कळलं मी काय म्हणते ते. भाभी, तुला कळलं नसेल तरी वाच.

परवा एक मुखवटा मांडीवर घेतला नि टाळूवर हात ठेवला तर तो गरम लागला. प्लॅस्टर आवळताना गरम होतं, मला ठाऊक आहे, मी काही येडी नाही. पण हे आठवडाभर वाळलेलं होतं. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता नि माझ्या हाताखाली गरम, कोरडे केस. मी हात काढला. बघितलं तर पांढरा दगड. दुसरा घेतला. तसाच. सबंध दुपार मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते असं म्हण.

तेव्हापासून मागं कुणीतरी उभं असतं. दाराकडे माझी पाठ असते. मी वळून बघत नाही, कारण बघितलं तर नारळ फुकट गेला.

तो काही बोलत नाही, परत जा सुद्धा म्हणत नाही आता. पत्र्याच्या खोलीत केरूभाऊ आदामाची गोष्ट सांगायचे. खाऊ नको ते खाल्लं नि झाडामागं लपला, तेव्हा देव बागेत फिरत विचारत होता, तू कुठं आहेस? मी तेव्हा विचारलं होतं, "भाऊ, देवाला दिसत नव्हतं का?" ते म्हणाले, "दिसत व्हतं. आदामानं सोता सांगावं म्हणून इचारलं." तसं मागं उभं असतं. दिसत असून विचारणारं.

काळुरामच्या पाठीला फोड आले आहेत का? येतात. कूस बदलत राहा. राख नको लावू, खोबरेल लाव.

बायजा


हमरापूर, ९ ऑगस्ट १९९६

पुतळी,

तू लिहवलंस, आक्का तुम्ही घाबरून पळालात, मी तुम्हाला काही करणार नव्हते. हे वाचून मी हसले. तुला मी घाबरेन?

आता ऐक. एकदाच लिहीन. योना म्हणून एक माणूस होता. त्याला देव म्हणाला, निनवे शहरात जा, तिथली माणसं वाईट आहेत, त्यांना सांग. तो जहाजात बसून उलट्या दिशेला पळाला. मग वादळ, मग मासा. पोरं माशाला हसायची. मी मासे रोज निवडते, मला माशाचं काय कौतुक? मला वाटायचं, हा पळाला कशाला? घाबरला नव्हता. त्याला ठाऊक होतं की आपण जाऊन सांगितलं तर ती माणसं रडतील, नि त्यांना रडताना बघून देव पाघळेल. सगळं माफ करून टाकील. ते त्याला नको होतं.

तेच माझं. मी हात ठेवला असता, तोंडातून प्रार्थना आली असती, नि त्याने ऐकली असती. तो ऐकतो, हेच तर वाईट आहे. काळुराम उठून बसला असता तर? नाहीतर पडूनच रडला असता, नि वर सगळं पुसलं गेलं असतं. मग माझी वर्षं कुणाच्या पदरात? अष्टमी गावात लोकांची भांडी घासली ती? तू माझ्या चुलीवर भाकऱ्या थापत होतीस नि मी रस्त्यावरून धूर बघत जात होते, ते? देव नाही ऐकणार अशी खात्री असती तर मी खुशाल दोन्ही हात ठेवले असते.

मी मधे गागोद्याला माझ्या भाचीकडे, सरूकडे, जाऊन आले. म्हटलं आणखी एक शीव मधे टाकावी. जाताना परत नारळ घेतला. लावणीला माणसं हवीच होती, तिच्या शेतात उतरले. पाण्यात वाकले तर पाण्यात माझी सावली, नि माझ्या खांद्याशी आणखी एक. सरू पलीकडच्या बांधावर होती. मी वाकलेलीच राहिले. सरू म्हणाली, "मावशे, कंबर धरली का?" मी म्हटलं, "व्हय." दोन दिवसांत परत आले.

शेवटी गिरजाबाईला विचारलं. ती जुनी बाई, नवऱ्यामागं कारखाना तिने चालवला, गावच्या देवाला राखण कधी द्यायची, कुठल्या देवाला काय, सगळं तिला विचारतात. चहाला बसलो होतो.

"गिरजाबाय, देव शीव ओलांडतो का गो?"

"कुठला?"

"कुठलाबी."

"आमचा नाय ओलांडत. त्याला काय पडलंय? त्याचं गाव हितं, त्याची माणसं हितं. शेजारच्या गावाला त्यांचा हाय." तिने बशी खाली ठेवली. "तू कुणाचं इचारतेस? तुझ्या येशूचं का?"

मी इथं कुणाला सांगितलं नव्हतं.

"मला काय डोळं नायत?" ती म्हणाली. "घास घेताना डोळं मिटतेस नि कुणी चिमटा काढल्यागत उघडतेस. मागनं हाक मारली तर मान वळवत नायस. माझ्या पुतळ्यांची मान वळेल एकवेळ, तुझी नाय. कुणापासनं तरी पळून आलीस. नवरा म्हणावं तर त्यानंच टाकलीय. मग दुसरं कोण उरलं?"

मी म्हटलं, नागोठण्याजवळ नारळ वाढवून आले.

"बरं केलंस. त्याचं गाव कुठलं पण?"

"कुणाचं?"

"तुझ्या देवाचं गो. शीव कुठली ते कळाया गाव नको?"

 मी म्हटलं, जन्मला दुसऱ्याच्या गावात, गोठ्यात, आईबाप वाटेवर होते. वाढला तिसऱ्याच गावात, तिथल्यांनी हाकलला. मग गावोगाव फिरला, पाठ टेकायला जागा नव्हती.

"नि मेला कुठं?"

"मारला त्याला. वेशीबाहेर नेऊन मारला."

गिरजाबाईने कमरेची चंची सोडली. मग तंबाखू काढली.

"म्हंजे तो शिवेभायेरचाच," ती म्हणाली. "येडे, मग तू नारळ वाढवलास तो त्याच्या दारात."

मी कप धुवायला उठले. तो हातातून निसटून फुटला. ती म्हणाली पैसे कापीन. कापले नाहीत.

बायजा


हमरापूर, २८ ऑगस्ट १९९६

पुतळी,

भाभीचं कार्ड आलं. पोचायला उशीर झाला, तोवर तुमचं सगळं आटोपलं होतं. लवकर आलं असतं तरी मी आले नसते, हे खरं तेच लिहिते.

कार्ड वाचून मी ब्लाउजमध्ये ठेवलं नि कामाला बसले. गिरजाबाईने विचारलं काय गो, मी म्हटलं एक माणूस मेला. कुंकवाचं काय करायचं ते ठरवता येईना. ते मी तो जिवंत असतानाच कधी लावायचे, कधी नाही. त्या दिवशी लावलेलं होतं. पुसलं नाही. घामाने नि धुळीने गेलं.

माझ्या मनात काय आलं ते सांगू? सुटले. निनवेच राहिलं नाही, आता योनाला कशाला कोण शोधील? आता मी रोह्याला गेले काय, पेणात राहिले काय, सारखंच. संध्याकाळपर्यंत पाठीमागं कुणी नव्हतं. मला नीट झोप लागली.

दुसऱ्या दिवशी फलटणचा एक गिऱ्हाईक आला. त्याला गौरीचा एकच मुखवटा हवा होता. म्हणाला, "आमच्या धाकटीचं नाक उडालंय. थोरली चांगली आहे. एक द्या."

गिरजाबाई म्हणाली, "जोडी घ्या."

"जोडी घेऊन काय करू? एकीचे पैसे दुप्पट देतो."

"पैशांचं नाय ओ. थोरली-धाकटी एका साच्याच्या, एका दिवशी वतल्यात, एकमेकींकडं बघून घडवल्यात. एक तुम्ही नेलीत तर माझ्याकडं राहील तिला कोण नेईल? फळीवर पडून राहते. पोरंबी हात नाय लावत तिला."

माणूस कटकट करत निघून गेला. मी तेव्हा एक मुखवटा घासत होते. टाळू परत गरम झाली.

नि मागं तो परत उभा. नवरा मेल्यावर सुद्धा. मी मोठ्याने म्हणाले, "आता काय हवंय? मेला तो." शेडमधल्या बायका बघायला लागल्या. पुतळी, तेव्हा मला कळलं. मला काळुरामकडे कुणी पाठवलंच नव्हतं. त्या दिवशी माझ्या हाताखाली त्याचं डोकं नव्हतं. तुझं होतं. दोन महिने मी त्याला माफ करायचं नाही म्हणून पळत होते, नि सांगणाऱ्याने त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

तुला माफ करणं जास्त जड आहे. तो पुरुष, त्याच्याकडून मला फारशी आशाच नव्हती. तू बाई होतीस. माझ्या घरात आलीस तेव्हा माझ्या पायाला हात लावायला वाकलीस नि मी पाय ओढून घेतला, ते तू विसरली नसशील. मी पण नाही. तेव्हा पण तुझा भांग दिसला होता.

जास्त लिहीत नाही.

बायजा


हमरापूर, ९ सप्टेंबर १९९६

पुतळी,

भाभीने स्वतःहून लिहिलंय की काळुरामचा पुतण्या जनू तुला खोली खाली कर म्हणतो, तू लग्नाची नाहीस म्हणतो, नि तू भांडी बांधून दारात बसली आहेस. मला तू हे लिहवलं नाहीस. तुझ्या अंगात मिजास आहे हे बघून बरं वाटलं.

भांडी सोड. जनूला सांग, लग्नाची येते आहे, काय बोलायचं ते तिच्याशी बोल. त्याच्या जावळाला मी त्याला मांडीवर घेऊन जेवू घातलं आहे, तो माझ्यापुढं तोंड उघडेल असं वाटत नाही. उघडलं तर बघू.

इथलं माझं काम संपलं. मुखवटे टेंपोने घाटावर गेले, सगळे जोडीने. डोळे काढून झाल्यावर गिरजाबाईने मला बोलावून दाखवले. मी म्हटलं मला नको, तरी हाताला धरून नेलं. बघितलं. नुसते डोळे आहेत, पुतळी. बघत कुणी नव्हतं. जो बघत होता तो माझ्या मागं होता, पहिल्या दिवसापासून.

सामान भरायच्या आधी मी शेडमध्ये एकटी बसले. भर दुपार होती. पाठीला दार. तेव्हा मी मान वळवून बघितलं.

काय दिसलं म्हणशील तर काही नाही. दारातून ऊन आलं होतं नि उन्हात पांढरी धूळ फिरत होती. पण मी बघितलं, नि रोह्याहून निघाल्यापासून मानेवर जे बसलं होतं ते उतरलं. दुसरं काहीतरी बसलं. ते जड नाही, पण ते उतरणारही नाही, हे मला कळतं. मला आता कुठंच एकटं राहता येणार नाही. ह्याची मला अजून भीती वाटते. विश्वासी बाईने असं लिहू नये. केरूभाऊंना दाखवू नको.

येत्या रविवारी सकाळच्या एष्टीने येते. खोलीवर नाही, थेट प्रार्थनेला. तूही ये. मागे बसू नको. त्या दिवशी बसली होतीस त्याच जागी गुडघे टेकून बस, पदर मागे टाक. तेल लावून येऊ नको, माझा हात घसरेल.

मला तुझा राग आहे. तो रविवारपर्यंत जाईल असं वाटत नाही, तो घेऊनच येते. प्रार्थना तोंडात येईल की नाही तेही ठाऊक नाही. नाही आली तर मी नुसता हात ठेवून उभी राहीन. तू हलू नको. मी काढेपर्यंत हलू नको.

नागोठण्याच्या अलीकडे तो दगड लागेल. करवंटी तिथंच पडली असेल. मी खिडकीशी बसणार आहे.

बायजा

भाभी, तूही दाराशी येऊन उभी राहा. तुझं तिथं काही काम नाही, पण मी परत चप्पल उचलली तर मला धर.